गोड बोलण्याची तक्रार

त्यांचं दार वाजवलं की आतून तीन प्रश्न यायचे. "कोण? काम काय? किती वेळ लागेल?"

तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय कडी निघत नसे. गल्लीतल्या लोकांना याची सवय झाली होती. पोस्टमन एका दमात ओरडायचा, "पोस्टमन, रजिस्ट्री, दो मिनट!" मी वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहायला गेले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी नुसतं नाव सांगून उभी राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. शेवटी त्यांची बहीण खिडकीतून म्हणाली, "काम सांगा, बाई, आणि टाइमही सांगा. नाहीतर ते उघडणार नाहीत." मी म्हटलं, "खोल्या पाहायच्यात. पाच मिनिटं." दार उघडलं. खोल्या पाहून झाल्यावर त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "एक मिनिट उरलंय. काही विचारायचं असेल तर विचारून घ्या."

ग्वाल्हेरला इंदरगंजच्या चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. ते सरकारी दफ्तरखान्यातून निवृत्त झाले होते. जुनी मोडी कागदपत्रं वाचून त्यांचा हिंदीत तर्जुमा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण मालूताई लवकर विधवा झाली, तेव्हापासून ती त्यांच्याकडेच होती. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. माझ्या नवऱ्याची नोकरी झाशीला, तो शनिवार-रविवार यायचा. बाकीचे पाच दिवस त्या घरात आम्ही तिघंच.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना 'काका' म्हटलं.

"मी तुमच्या वडिलांचा भाऊ नाही," ते म्हणाले.

"मग काय म्हणू?"

"हाक मारायची गरज पडू नये अशा बेताने राहा. अगदीच पडली तर खोका."

मी काकाच म्हणत राहिले. त्यांनी शेवटपर्यंत ओ दिली नाही, फक्त वळून बघत. मला ते 'वरच्या बाई' म्हणत.

आमच्या मराठीवर त्यांचा विशेष राग होता. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात हिंदी कुठे शिरली ते आम्हाला कळतही नाही. एकदा मी जिन्यातून सांगितलं, "काका, मी गच्चीवर कपडे सुखायला टाकलेत, पाऊस आला तर आवाज द्या." ते म्हणाले, "कपड्यांना सुख लाभो. वाळत कधी घालणार?" चौकात एका शिकवणीच्या वर्गाचा मोठा फलक होता, 'शिक्षा केंद्र'. त्याच्यासमोरून जाताना ते नेमाने थांबत आणि किंचित मान लववत. शहरात एवढा प्रामाणिक फलक दुसरा नाही, असं त्यांचं मत होतं.

दाल बाजारात तूरडाळ घ्यायला जाताना दफ्तरखान्यातलं भिंग बरोबर नेत. डाळ तळहातावर पसरून ती भिंगातून बघत. दुकानदार एकदा म्हणाला, "बाबूजी, दाल है, दस्तावेज़ नहीं।" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "कंकर दोनों में निकलते हैं।"

सकाळी फूलबागेत फिरायला जात ते सगळ्यांच्या उलट दिशेने. कारण विचारलं तर म्हणाले, "लोकांच्या बरोबरीने चाललं की गप्पा माराव्या लागतात. समोरून येणारा माणूस दोन पावलांत मागे पडतो."

आणि ते कधी आजारी पडत नसत. सदुसष्टाव्या वर्षी सगळे दात शाबूत, चष्मा फक्त वाचायला, सर्दीसुद्धा नाही. "आजारी पडायला फुरसत लागते," ते म्हणत. एका वर्षी आख्खी गल्ली तापाने झोपली. मालूताई झोपल्या, मीही झोपले. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर खिचडीचं पातेलं दिसलं. झाकणाखाली चिठ्ठी होती : 'मीठ कमी आहे. तक्रार चालणार नाही. पातेलं घासून परत.' मी बरी होईपर्यंत रोज पातेलं आलं. नंतर मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "पातेल्याच्या बुडाला करपट राहिलंय. पुन्हा घासा."

हे सगळं सविस्तर सांगितलं, कारण पुढची हकिकत त्याशिवाय कळायची नाही.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. शाळेतून आल्यावर कशासाठी तरी मी खालचं दार वाजवलं. आतून एकही प्रश्न आला नाही. कडी निघाली.

"या, या," ते म्हणाले. "बसा ना. चहा घेणार?"

सात वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं. मी बसले. मुद्दाम म्हटलं, "आज कपडे सुखलेच नाहीत." ते हसले आणि म्हणाले, "असू दे, उद्या सुखतील."

मालूताईंना आनंदच झाला होता. स्वयंपाकघरात त्या मला हळूच म्हणाल्या, "दादा सुधरून गेलेत, बाई. काल म्हणाले, भाजी मस्त बनली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला तर रडू आलं."

गल्लीलाही आनंद झाला. पोस्टमनला चहा मिळू लागला. दाल बाजारचा दुकानदार मला भेटला तेव्हा म्हणाला, "बाबूजी अब बड़े भले हो गए हैं।" त्या महिन्यात घरात आलेल्या डाळीत खडे निघाले. खरं सांगायचं तर मलाही हे आवडलं होतं. गच्चीचं दार दिवसभर उघडं राहू लागलं, पाणी कधीही सोडा, कुणी काही बोलत नव्हतं. महिनाभर मी त्याचा फायदा घेतला, आणि हे का घडतंय याचा विचार टाळला.

मग एक दिवस ते स्वेटरची बटणं एक घर सोडून लावून बसलेले दिसले. मांडीवर वर्तमानपत्राचं जे पान मी शाळेत जाताना पाहिलं होतं, तेच मी परत आले तेव्हाही होतं. त्यानंतर दोन दिवसांनी फूलबागेतला माळी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. भर दुपारी ते बाकावर बसून होते. घर कुठे असं त्याने विचारलं तर म्हणाले होते, "जहाँ आपको ठीक लगे।"

मी मालूताईंना म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ या.

"चांगले वागून राहिलेत म्हणून डॉक्टरकडे न्यायचं?" त्या म्हणाल्या. "काय सांगणार त्यांना? दादा भांडत नाहीत म्हणून?"

"हो, हेच सांगायचं."

"आणि इलाज करून पुन्हा पहिल्यासारखे झाले तर?"

त्यांनी हे गमतीने विचारलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी त्या माणसाची बोलणी खाल्ली होती आणि आता कुठे त्यांना गोड शब्द ऐकायला मिळत होते.  पण दुसऱ्या दिवशी सकाळी मालूताईच शाल पांघरून तयार होऊन बसल्या.

मेंदूविकाराच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी पेन उचललं. "तकलीफ़ क्या है?"

मालूताई माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "मीठा बोलने लगे हैं।"

डॉक्टर हसल्या, मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि पेन खाली ठेवलं. "पहले कैसे बोलते थे?"

ते सांगायला मालूताईंना वीस मिनिटं लागली. बाहेर रोगी ताटकळले होते, पण डॉक्टरांनी मालूताईंना मधे तोडलं नाही. सगळा वेळ काका स्वतः शेजारी बसून आमच्याकडे प्रसन्नपणे बघत होते.

एमआरआयमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात, मधोमध, दोन्ही बाजूंना पसरलेला एक पांढरा डाग निघाला. भोवती बरीच सूज होती. सुजेमुळे त्यांना झोपेची गुंगी यायला लागली होती, म्हणून भरती करून घेऊन स्टिरॉइड सुरू करावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, खरं तर डागाचा तुकडा काढून तपासण्याआधी मला हे औषध द्यायचं नव्हतं, पण थांबण्यासारखी स्थिती नाही. डागाचं रूप पाहून त्यांना एका रोगाचा संशय होता. अंगातली प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसांना त्याचा धोका जास्त असतो, म्हणून त्यांनी एचआयव्हीची तपासणी लिहून दिली.

चौथ्या दिवशी सकाळी शिकाऊ डॉक्टर खाटेजवळ गेला, तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "कौन? क्या काम है? कितना समय लगेगा?"

मालूताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की रडू, ते मला दिसलं नाही.

त्याच शिकाऊ डॉक्टरने एचआयव्हीच्या तपासणीचा कागद भरताना त्यांना विचारलं की लग्न झालं नाही, तर मग इतर काही संबंध वगैरे? त्याला काय उत्तर मिळालं ते मी इथे लिहीत नाही. तपासणीत काही निघालं नाही. तो कागद त्यांनी घडी घालून स्वतःच्या पाकिटात ठेवला. "सदुसष्टाव्या वर्षी चारित्र्याचा लेखी दाखला मिळाला," ते म्हणाले. "आई असती तर तिला वाचून दाखवला असता."

दहा दिवसांनी पुन्हा एमआरआय काढला. डाग जवळजवळ दिसेनासा झाला होता. मालूताईंनी वॉर्डभर तीळगुळाची गजक वाटली. डॉक्टरांनी मात्र गजक हातात धरली आणि खाल्ली नाही.

"मुझे इसी का डर था," त्या म्हणाल्या. मग आम्हाला समोर बसवून त्यांनी सांगितलं, ते असं. स्टिरॉइडने इतक्या चटकन विरघळणारी गाठ बहुधा एकाच जातीची असते. लिम्फोमा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, जो क्वचित फक्त मेंदूतच होतो. औषधाने तो लपतो, जात नाही. आता सुई घालून तुकडा काढला तर त्यात काहीच सापडायचं नाही, आणि तुकड्यात सापडल्याशिवाय एवढे जालीम उपचार सुरू करता येत नाहीत. तेव्हा स्टिरॉइड हळूहळू बंद करायचं आणि डाग परत यायची वाट बघायची.

"म्हणजे चोर पुन्हा घरात शिरेपर्यंत आपण दार उघडं टाकून बसायचं," ते मला म्हणाले. मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "हाँ। ठीक यही।"

मग काकांनी स्वतः विचारलं, मी जन्मात कधी आजारी पडलो नाही, तुमचाच कागद सांगतो की माझी प्रतिकारशक्ती उत्तम आहे, मग हे मला का?

"जिनकी बिल्कुल ठीक होती है, उनको भी होता है," डॉक्टर म्हणाल्या. "ज़्यादातर साठ के बाद। क्यों होता है, यह कोई नहीं जानता।"

ते खूश झाले. परतताना रिक्षात दोनदा म्हणाले, "माहीत नाही असं तोंडावर सांगणारी डॉक्टर आहे. हिला सोडायचं नाही."

घरी आल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. मालूताई देवळात गेल्या होत्या.

"तुम्हाला एक काम देतो," ते म्हणाले. "तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा निरीक्षण जमत असावं. मालूचा उपयोग नाही. मी गोड बोललो की ती विरघळते. मी गोड बोलायला लागलो, की त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. मला विचारायचं नाही. त्या वेळी मी कशालाच नाही म्हणणार नाही, म्हणून माझ्या हो म्हणण्यालाही अर्थ नसेल."

"आणि मला चुकून वाटलं तर?"

"चुकून वाटलं तरी करायचा. मी गोड बोलणारा माणूस नाही, त्यामुळे चूक होण्याचा संभव कमी आहे."

रोज सकाळी शाळेत जाताना मी त्यांचं दार वाजवू लागले. तीन प्रश्न, माझी तीन उत्तरं, मग काहीतरी बोलणी. चपलांचा आवाज, दिव्याचं बटण, माझ्या एखाद्या वाक्यातली विभक्ती. बोलणी खाऊन झाली की मी दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करत असे आणि समाधानाने शाळेत जात असे. नऊ आठवडे असे गेले.

दहाव्या आठवड्यातल्या एका सकाळी तिन्ही प्रश्न आले, ओळीने. दार उघडलं. जिन्यातला दिवा रात्रभर जळत होता म्हणून ते मला बोलले. मी मनातल्या मनात खूण केली आणि निघाले. फाटकापर्यंत पोचले तोच मागून आवाज आला.

"ऐका."

मी वळले.

"तुम्ही वर राहायला आलात हे चांगलं झालं. घरात मुलगी असल्यासारखं वाटतं."

ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. स्वेटरची बटणं नीट लावलेली होती, डोळे नेहमीसारखेच होते. एवढं बोलून ते आत गेले.

मी फाटकाशी उभी राहिले. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. असं काही मला त्यानंतर कुणी म्हटलं नव्हतं. नऊ आठवडे मी ज्या लक्षणाची वाट बघत होते ते हेच का, की एका म्हाताऱ्या माणसाने एवढ्या वर्षांनी एकदा मनातलं बोलून टाकलं होतं? मला ते वाक्य ठेवून घ्यायचं होतं. पहिली घंटा चुकणार हे कळत होतं, तरी मी निघत नव्हते.

मग मी तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय म्हणाले? मला त्या वाक्याचं हिंदी करून सांगावं लागलं.  "आज ही ले आइए," त्या म्हणाल्या.

डाग परत आला होता. अजून लहान होता, पण होता.

डॉक्टरांनी दिल्लीला फोन केला. तिथे डोक्याला लहानसं भोक पाडून सुईने तुकडा काढला, आणि या वेळी तुकड्यात तेच निघालं ज्याचा संशय होता. बाकी सगळं अंग तपासलं, डोळेसुद्धा. दुसरीकडे कुठेही काही नव्हतं. मग दर दोन आठवड्यांनी सकाळची गाडी, दिल्ली, चार-पाच दिवस इस्पितळ आणि परत. सुट्ट्यांत मी जात असे, इतर वेळी मालूताई. औषध इतकं कडक होतं की ते शरीरातून वेळेवर धुऊन निघावं लागे. त्यासाठी सलाईन सतत चालू आणि लघवी आम्लधर्मी होता कामा नये. हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे तपासायच्या पट्ट्या मागितल्या. "लिटमस नको," ते म्हणाले. "त्यात नुसतं हो की नाही एवढंच कळतं. आकडा कळेल असं काही आणा." शाळेला पुरवठा करणाऱ्या दुकानातून मी त्या आणल्या. नर्सच्या आधी ते स्वतः तपासत, घड्याळ बघून वेळ लिहीत, आणि आकडा घसरला की घंटी वाजवत. तिथल्या नर्सा त्यांना वैतागल्या होत्या. एक मल्याळी नर्स मला म्हणाली, "ऐसा पेशंट कभी नहीं देखा। अच्छा है, पर मत लाना।"

डोक्याला किरणं द्यायचा विचार निघाला तेव्हा त्यांनी एकच विचारलं : स्मरणशक्ती राहील का? या वयात ती जाण्याचा धोका आहे, असं उत्तर आलं. ते नको म्हणाले. आठ फेऱ्यांनंतर डाग गेला, आणि या वेळी स्टिरॉइडशिवाय गेला.

त्यानंतर ते सव्वादोन वर्षं उत्तम जगले. चालताना डावा पाय किंचित ओढत, एवढंच. मग एका उन्हाळ्यात तो रोग पुन्हा आला, आणि या खेपेला त्याने कुणाला निरीक्षणाची संधी दिली नाही. नऊ दिवसांत सगळं आटोपलं. मी तेव्हा त्या घरात नव्हते. मालूताईंचा फोन आला. "काहीच बोलले नाहीत, बाई," त्या म्हणाल्या. "मी रोज कान लावून बसायची. कडूही नाही, गोडही नाही." मग म्हणाल्या, "घरात आता इतकी शांती आहे ना, मला सहन होत नाही."

मी घर सोडलं ते त्याच्या वर्षभर आधी. नवऱ्याची बदली ग्वाल्हेरला झाली आणि आम्हाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला, सरकारी घर मिळालं. सामान टेम्पोत चढत होतं. ते गल्लीत उभे राहून हमालांना सूचना देत होते आणि हमाल त्या ऐकत नव्हते.

मी खूप दिवस विचारीन विचारीन म्हणत होते, ते तेव्हा विचारलं.

"काका, मी डॉक्टरांना फोन केला त्या दिवशी सकाळी तुम्ही मला काही म्हणाला होतात. आठवतं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"आजारात माणूस काय बोलतो त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. त्याच्यासाठी तुम्हाला नेमलं होतं."

मी मान हलवली. विचारायला नको होतं असं वाटलं. हमाल कपाट बांधत होते, तिकडे बघू लागले.

"काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, शब्दाला शब्द. ते ऐकत होते. 

"मला खोटं बोलायची सवय कधीच नव्हती," ते म्हणाले. "ती त्या आजाराला कुठून येणार?"

 तेवढ्यात त्यांचं लक्ष कपाटाला बांधलेल्या दोरीकडे गेलं. "ही गाठ पडाव पुलापर्यंतसुद्धा टिकणार नाही," असं म्हणत, डावा पाय ओढत ते टेम्पोपाशी गेले, हमालाला बाजूला सारलं आणि स्वतः दोरी सोडून नव्याने बांधू लागले.